साहेबांच्या गाडीतलं कार्पेट

"तुझ्याच बायकोचं आहे ना ते? मग तिलाच बोलव. ती धुईल."

साहेबांची बायको, आमच्या वहिनी, बंगल्याच्या पायरीवर उभ्या. नाकाला पदर. मी खाली, गाडीच्या उघड्या दारापाशी. मागच्या सीटखालचं कार्पेट रक्तानं काळं पडलेलं. सुकून कडक झालेलं. त्यावर माश्या.

मी म्हणालो, "ती दवाखान्यात आहे, वहिनी. मी धुतो."

"आणि त्याच हातांनी गुरुजींना आणायला जाणार? आज पूजा आहे घरात."

आतून साहेबांचा आवाज आला. "अगं, धुऊ दे त्याला. मागच्या नळावर आंघोळ करेल नंतर."

ठरलं. मला कुणी काही विचारलं नाही.

मी साहेबांचा ड्रायव्हर. साहेब बिल्डर. नव्वदच्या आसपासचे दिवस. मीरा रोडला जिकडं बघावं तिकडं बांधकाम, आणि साहेबांनी तर मुर्ध्याकडं मिठागराला लागून साइट काढलेली. माझी बायको सुमन त्याच साइटवर घमेली उचलायची. आम्ही मूळ मराठवाड्यातले. जेसल पार्कच्या मागं खाडीकडं पत्र्याची खोली होती आमची. सुमनला नववा महिना लागला होता, तरी ती जात होती. न जाऊन भागत नव्हतं.

आदल्या दिवशी साइटवर स्लॅब भरायचं काम होतं. मी बाहेर गाडीपाशी. दिवस कलला तेव्हा साहेबांनीच मला हाक मारली. "तुझी बायको पडलीय. माझी गाडी घे. विचार करू नकोस, जा."

सगळ्यांसमोर म्हणाले. मजूर बघत होते. मुकादम म्हणाला, "देख, साहब का दिल देख." मलाही तसंच वाटलं. मी हात जोडले. सुमनला मागं घातलं, तिच्या आईला सोबत घेतलं आणि गाडी भाईंदरच्या दवाखान्याकडं पळवली. पोचेपर्यंत कार्पेट भिजून गेलं होतं.

मुलगी झाली. रडली नाही.

पहाटे मी आणि माझा मेव्हणा तिला खाडीकाठच्या स्मशानात ठेवून आलो. सुमनच्या साडीचा तुकडा होता तिच्या अंगावर. मग मी गाडी घेऊन बंगल्यावर आलो. गाडी साहेबांची होती. परत द्यायची होती. एवढंच डोक्यात होतं.

सीट सोडवली. कार्पेट ओढून काढलं. त्याच्याखाली गादीसारखा जाड थर असतो, तो आतपर्यंत ओला. अंगणात पसरलं. पाणी मारलं. साबणाची पूड टाकली, ब्रश घेतला. घासत बसलो.

आधी काळं पाणी आलं. मग लाल. पाणी तुळशीकडं वाहायला लागलं तसं वहिनी ओरडल्या, "अरे, तिकडं नको! गटाराकडं काढ!" मी हातानं पाणी वळवलं. गटाराकडं काढलं.

खरं सांगतो, मला काही वाटत नव्हतं. राग नाही. रडू नाही. हात चालत होते. ते रक्त कुणाचं, सुमनचं किती, मुलीचं किती, असं एकदा मनात आलं. तेही आलं तसं गेलं. ब्रश चालू.

पाहुणे यायला लागले. चपला काढता काढता बघत होते. साहेब बाहेर आले आणि एकाला सांगायला लागले, "याच्या बायकोला कळा सुटल्या. मी म्हटलं, गाडीचं काय एवढं, आधी माणूस. दिली गाडी." पाहुणा म्हणाला, "आजकाल कोण करतं एवढं?" मग माझ्याकडं बघून हसला. मी मान हलवली. मान कशी हलली, मला ठाऊक नाही.

कुणी विचारलं नाही. मुलगा की मुलगी. बायको कशी आहे. काहीच नाही.

वहिनी जवळ आल्या. लांबूनच कार्पेटकडं पाहिलं. "डाग जायचा नाही हा. आम्ही दुसरं घालू. तू हे घरी ने. बाळाला खाली अंथरायला होईल."

ब्रश थांबला.

"बाळ गेलं," मी म्हणालो.

वहिनी दोन पावलं मागं सरल्या. साहेबांकडं वळून म्हणाल्या, "ऐकलंत? म्हणजे हा सुतकात शिवतोय सगळं! गोमूत्र आणा कुणीतरी. गाडीवर शिंपडा आधी."

साहेब मला म्हणाले, "आधी सांगायचंस ना. समजूतदार वाटला होतास मला. आता लांब हो गाडीपासून."

मी उठलो. हात ओले होते. खिशातून किल्ली काढली, पायरीवर ठेवली. "मुलगी होती," म्हणालो. ते का म्हणालो, माहीत नाही. कुणालातरी सांगायचं होतं. कार्पेट तसंच अर्धं धुतलेलं टाकलं आणि फाटकाबाहेर पडलो.

"अरे, हे उचलणार कोण?" वहिनींचा आवाज आला. मी वळलो नाही.

दवाखान्यात सुमन भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी म्हणालो, "साहेबांची नोकरी सोडली." तिनं तोंड फिरवलं नाही. भिंतीकडं बघतच बोलली.

"सकाळधरनं दुखत हुतं मला."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. मुकादमाला सांगितलं. साहेब तिथंच हुते छत्रीखाली. म्हणले, स्लॅब मधी थांबत न्हाई. संपू दे, मग जा म्हणावं. संपला तवा मी पडले."

मी तिच्या खाटेशेजारी खाली बसलो. गाडी दिली होती. स्लॅब संपल्यावर दिली होती. त्या गाडीसाठी मी हात जोडले होते.

रडू तेव्हाही आलं नाही. पण डोकं साफ झालं.

सुमन उठून चालायला लागल्यावर आम्ही दोघं साइटवरच्या बायकांच्या झोपड्यांत गेलो. झोपडी न झोपडी. सुमननं स्वतः सांगितलं काय झालं ते. ती सांगायची, मी बाजूला उभा राहायचो. कुणी ऐकून घेतलं, कुणी दार लावलं. एकीनं आपल्या गेल्या वर्षी गेलेल्या बाळाचं सांगितलं. मग दुसरीनं.

पुढच्या स्लॅबला बायका आल्या आणि स्लॅब अर्धा भरल्यावर घमेली उपडी घालून त्यावर बसल्या. मिक्सर नुसताच फिरत राहिला. मुकादमानं शिव्या दिल्या. साहेब आले. मला बघून म्हणाले, "तू? उपकार विसरलास?"

"तुम्ही छत्रीखाली काय म्हणालात, ते यांच्यासमोर सांगा," मी म्हणालो.

साहेबांनी पाठ फिरवली. पोलीस बोलावले. मला चौकीत नेलं, दोन थोबाडीत बसल्या, सोडलं. काही बायकांचं काम गेलं, सुमनचंही. जिंकलो असं काही झालं नाही. पण त्या दिवशी स्लॅब मध्ये थांबला. थांबतो, हे सगळ्यांनी बघितलं.

आता मी टेम्पो चालवतो. मीरा रोड, भाईंदर, काशीमिरा, साइट दिसली की उतरतो. आधी बायकांशी बोलतो. कुणाला दिवस गेलेत, कुणाला दुखतंय, विचारतो. दुखणारी बाई उन्हात उभी असेल तर मुकादमासमोर जाऊन उभा राहतो. मला हाकलतात. मी परत जातो. मी हात जोडत नाही. गाडी मागत नाही. काम थांबवा म्हणतो. थांबवत नसतील तर आम्ही थांबवू.