आधी पाण्याची टाकी

सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या एका सरकारी हायस्कुलात मी मुख्याध्यापक होतो. शाळेत आधी काय सुधारायचं, हे ठरवायला पालकसभा बोलावली. मागे विड्या वळणारी एक बाई बसली होती. तिथंही तिची बोटं पदराचं टोक वळत होती. पुरुषांकडे न बघता ती म्हणाली, "गुरुजी, पोरी दिवसभर पानी पीत न्हाईत. ते आदी बघा की."

मी कामांच्या यादीत सगळ्यात वर पाण्याची टाकी लिहिली. टाकी झाली, तरी मुली पाणी पिईनात. मला उमजेना.

वर्षाने ती बाई मुलीचा दाखला काढायला आली. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"टाकी लई चांगली हाय, गुरुजी. पन पानी पिऊन पोरींनी जायाचं कुटं?"

मुलींची मुतारी यादीत नववी होती.

अहवालात मी 'पालकांच्या मागणीनुसार टाकी' असं लिहिलंय. तिनं टाकी मागितलीच नव्हती. मग त्या दिवशी मी ऐकलं तरी काय, हे मला अजून कळत नाही.