परातीतलं सायक्लॅमेन

नर्सरीत सायक्लॅमेनची गुलाबी फुलं दिसली की बदलापूरची ती थंडीतली सकाळ आठवते. शेजारच्या सिंधी आंटी ऑपरेशनला जाताना त्यांची कुंडी माझ्याकडे ठेवून गेल्या होत्या. उठून पाहते तर सगळी फुलं माना टाकून पडलेली, आणि तेवढ्यात हॉस्पिटलमधून त्यांचाच व्हिडिओ कॉल आला. "आत नेतायत मला. फूल दिखा ना बेटा." मी मोबाइल कुंडीकडे वळवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "मेलं नाही, तहान लागलीय त्याला. वरून पाणी नको, परातीत ठेव." फोन बंद झाला. परातीत गार पाणी घालून मी कुंडीसमोर बसून राहिले. दुपारपर्यंत देठ एकेक करून उभे राहिले, फोन मात्र वाजेना. संध्याकाळी त्यांच्या मुलीचा आला. "मम्मी शुद्धीवर आली. विचारतेय, पानी पिया क्या?" मी हो म्हणाले आणि तिथेच रडू फुटलं. आता आंटी उल्हासनगरला मुलीकडे असतात. कुंडी त्यांनी परत मागितलीच नाही.