फोनजवळच्या चपला

तुम्ही फोनवर 'निघालोच' म्हणता, तेव्हा नेमके कुठे असता? खरं सांगा. बहुतेक वेळा बनियनवर, हातात चहाचा कप. उभ्या डोंबिवलीत हा शब्द एकदाही खोटा न उच्चारलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा.

आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. आमच्या भागातल्या मित्रमंडळाने एक रुग्णवाहिका घेतली होती आणि तिचा फोन आतोबांच्या बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसवला होता, कारण निवृत्त होऊन दिवसभर घरी असणारे तेच. पत्ता विचारायचा आणि ड्रायव्हरला हाक मारायची, एवढंच काम. पण आतोबांनी तरुणपणी नोकरी सांभाळून थोडा कायदा शिकून अर्धवट सोडला होता, आणि त्यातलं जे काही डोक्यात उरलं होतं ते सगळं त्यांनी त्या स्टुलाशेजारी आणून मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की फोन नुसता वाजतोय तोवर आपण बांधील नाही; उचलला की बांधील. म्हणून उचलण्याआधी ते स्टुलाखाली ठेवलेल्या चपला पायात घालत. भर घरात चपला! आत्या कपाळावर हात मारून घ्यायची. "अगं, एवढा कोपरा घर नाही," ते शांतपणे सांगत, "इथे मी ड्युटीवर."

सुट्टीत त्यांच्याकडे घालवलेल्या उन्हाळ्यातल्या दुपारी मला अजून अर्धवट स्वप्नासारख्या आठवतात. कारखान्यांकडून येणारा गोडसर, औषधी वास, पंख्याची घरघर, गार फरशीवर आडवी पडलेली मी, आणि कुठूनतरी लांबून यावा तसा आतोबांचा आवाज, "गाडी आत्ता इथे नाही. आमच्यासाठी थांबू नका. रिक्षा बघा, शेजाऱ्यांना उठवा." पलीकडचा माणूस चिडायचा, ते ऐकून घ्यायचे. कोणी आजाराचं नाव विचारलं तर म्हणायचे, "मी डॉक्टर नाही, अंदाज सांगणार नाही. पण त्यांना एकटं सोडू नका." हळूहळू ही भाषा घरभर पसरली. आत्याने आमटी कशी झालीय विचारलं की उत्तर यायचं, "मत देतो, हमी नाही." लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्यांना ते सांगत, "येण्याचा हेतू आहे, वचन नाही." एकदा नवरात्रात आम्ही सगळे ठाण्याच्या टेंभी नाक्याला देवी बघायला गेलो, तर गर्दीत कोण हरवलं तर जबाबदारी कोणाची, हे आतोबा रस्त्याच्या कडेला उभं राहून वाटून देईपर्यंत आरती संपली.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरी भाजीसुद्धा उरलेल्या पत्रकांवर निवडली जायची. कायदा म्हणजे अंग काढून घेणाऱ्यांची सोय, हे माझं ठाम मत, आणि मी ते आतोबांना तोंडावर सुनवायचे. "लोक जिवाच्या आकांताने फोन करतात आणि तुम्ही त्यांना सरळ नाही म्हणता!" पंचाईत अशी, की मंडळाचे अध्यक्षही तेच म्हणायचे, आणि त्यांच्याशी माझं एकमत होणं मला सहन होत नसे. त्यांना तो फोन स्वतःच्या दुकानात न्यायचा होता. "काका, तुम्ही पब्लिकला घाबरवता. जरा गोड बोला ना. मंडळाचं नाव खराब होतं."

हेच सांगायला ते एका दुपारी आले. नळाला पाणी आलं म्हणून आतोबा आंघोळीला गेले होते. फोन वाजला आणि अध्यक्षांनी हात लांब करून उचलला. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून एक बाई पत्ता सांगत होती. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. "ताई, बिलकुल टेन्शन घेऊ नका. गाडी निघालीच!" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि चहाचा कप उचलला.

आतोबा टॉवेलवर, ओल्या अंगाने बाहेर आले. "कुठली गाडी? ती पेशंट घेऊन ठाण्याला गेलीय."

"येईल की हो थोड्या वेळात. बाईला धीर दिला."

"धीर नाही दिलात. तिला घरात बसवून ठेवलंत. ती आता दुसरी गाडी शोधणार नाही."

बाईने वाण्याच्या दुकानातून फोन केला होता आणि नंबर कोणी विचारला नव्हता. दिलेला शब्द परत घ्यायलाही वाट नव्हती.

आतोबांना धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शर्ट उलटा, चपला मात्र पायात. कोपऱ्यावर मंडपवाल्याचा टेम्पो गाद्या भरून उभा होता. "काका, रिसेप्शनचा माल आहे, शेठ मारेल मला," ड्रायव्हर गयावया करू लागला. "जबाबदारी माझी," आतोबा वर चढत म्हणाले, "आणि ही साक्षीदार." साक्षीदार म्हणजे मी. मीही चढले.

गल्लीच्या तोंडाशी सासू उभी होती. आम्हाला बघताच ती कडाडली, "कवाची वाट बघतंय मी! दारातली रिक्षा परत धारली, तुमची गारी निंगाली म्हनून!" आतोबांनी माफी मागितली आणि सुनेला गाद्यांवर निजवलं. दवाखान्याच्या फाटकात टेम्पो वळत असतानाच मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. रिसेप्शनला एक गादी कमी पडली.

परत येताना मी आतोबांच्या उलट्या शर्टाकडे बघत होते. लोक कायदा अंग काढून घ्यायला वापरतात. हा माणूस तो अंगावर घ्यायला वापरत होता, आणि हे माझ्या एकाही पत्रकात छापलेलं नव्हतं. अध्यक्षांनी दुकानाचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढे ती गाडी थकली, मोडीत गेली, फोन घरचा झाला. आता त्यावर नातीच्या मैत्रिणी बोलतात. चपला मात्र स्टुलाखाली तशाच आहेत. दुपारी आतोबांना डुलकी लागलेली असताना घंटी वाजली, की त्यांचे पाय झोपेतच त्या चाचपत राहतात. परवा निघताना मी हळूच म्हटलं, "येते हं रविवारी." डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "हेतू की वचन?" उंबऱ्यात उभी राहिले, रविवारी काय काय आहे ते आठवलं, आणि मग म्हणाले, "वचन."

तुम्हालाही एक विनंती आहे. फोनच्या पलीकडे कोणी वाट बघत असेल, तर 'निघालोच' म्हणण्याआधी एकदा खाली बघा. पायात चपला नसतील, तर तसं सांगून टाका. त्या माणसाला दुसरं दार ठोठावायला मोकळं सोडा.