पट्टीवाला आणि भंडाऱ्याचं ताट

शेडच्या दारात बायकांची रांग लागली होती आणि रांगेच्या तोंडाशी सुपरवायझर विलासराव पितळी ताट धरून उभा होता. ताटात भंडारा, वर बेलाची पानं. मला वाटलं, नवीन मशीन आली असेल, पूजा चाललीय. मी पत्रकांचा गठ्ठा काखेत मारला आणि प्रसादाची वाट बघत उभी राहिले.

पहिल्या बाईनं पान उचललं, त्यावर चिमूटभर हळद घेतली आणि खाली बघत म्हणाली, "खंडोबाची आण. म्या कंपनीतला एकबी तुकडा न्हेला न्हाई. न्हेला आसंल तर माज्या लेकराबाळांचं वाटुळं हुईल."

मग दुसरी. मग तिसरी. तेच शब्द. विलासराव मान हलवत होता, "हां, पुढं चला."

मी गार झाले. चोरीचा तपास चालला होता!

मी कामगार संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती. म्हणजे गेटवर पत्रकं वाटायची, लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळायचं. ही शेड उंब्रजच्या पुढं, हायवेला लागून. इथं मुलांच्या खेळण्यांचं पॅकिंग होतं. तेव्हा लाइनवर जो माल होता तो म्हणजे इजिप्तचं थडगं. एकात एक बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा. त्या जोडून मुलांनी पिरॅमिड बांधायचा, आत गुप्त खोल्या, पडतं दार, साप, विंचू, सोनेरी शवपेटी आणि पेटीत पट्ट्यांत गुंडाळलेलं प्रेत. शिवाय ते शोधायला निघालेला टोपीवाला संशोधक. बायकांनी या सगळ्यांना आपली नावं ठेवली होती. प्रेत म्हणजे पट्टीवाला. शवपेटी म्हणजे सोन्याची पेटी.

टेबलावर बसलेल्या प्रत्येक बाईनं ठरलेले भाग पिशवीत टाकायचे. पिशव्या डब्यात जातात, डबा सील होतो, मग स्टोअरला. या कामाला किटिंग म्हणतात. वर्षभर हे थडगं पॅक करणाऱ्या एकाही बाईनं ते बांधलेलं कधी बघितलं नव्हतं. फक्त डब्यावरचं चित्र.

आणि आता त्या बायका या थडग्यापायी आपल्या लेकराबाळांच्या शपथा वाहत होत्या.

"हे काय चाललंय?" मी विलासरावला विचारलं.

"माल कमी भरतोय मॅडम. सुटे भाग येतात त्या मानानं डबे तयार होत नाहीत. कुणीतरी ओटीतनं नेतंय. पोलिसात द्यायचं म्हणजे बायकामाणसांची अब्रू. त्यापेक्षा हे बरं. देवाच्या दारात."

"हे देवाचं दार नाही, कंपनीचं आहे. अशा शपथेला कायद्यात शून्य किंमत आहे."

"तुमच्या कायद्याला बायका भीत नाहीत. भंडाऱ्याला भितात."

तेवढ्यात रांग थांबली. बायडाक्काची पाळी आली होती. बायडाक्का पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. आता लेकाबरोबर इकडं भाड्यानं राहते. खंडोबा तिच्या घरचा देव. ती ताटाकडं बघत राहिली. हात पदरातून बाहेर काढलाच नाही.

"उचला की," विलासराव म्हणाला.

"मी न्हाई उचलत."

रांगेतून कुजबुज उठली. विलासरावच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला दुसरा शब्द नाही, आनंदच. त्यानं ताट खाली ठेवलं. "झालं. बाकीच्या आत जा. बायडाक्का, उद्यापासून येऊ नका."

एवढंच. ना कागद, ना चौकशी.

माझं डोकं फिरलं. मी तशीच मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसले.

"त्या ठेकेदाराच्या बायका आहेत मॅडम," तो म्हणाला. "आमचा संबंध येत नाही."

"शेड तुमची, माल तुमचा, गेट तुमचं. फक्त बाई तेवढी ठेकेदाराची?"

काढायचंच असेल तर आरोप काय ते लेखी द्यावं लागतं, माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं. याला डोमेस्टिक इन्क्वायरी म्हणतात, घरगुती चौकशी. नावाला घरगुती, पण भल्याभल्या कंपन्या तिथं हरतात. मी लेबर ऑफिसचं नाव घेतलं, तेव्हा तो दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर ऐकून घ्यायला तयार झाला.

बायडाक्कानं खरंच काही घेतलंय का, हे तिला विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आमच्या पत्रकांत कामगार चोर नसतो. चोर समोरच्या खुर्चीत असतो.

कॅन्टीन भरलं होतं. मी उभी राहिले. भाषण मला येतं. "साहेब, ही बाई निर्दोष आहे. तिनं कंपनीचा कणसुद्धा नेलेला नाही. शपथ नाकारणं हा तिचा हक्क..."

"थांब पोरी," बायडाक्का म्हणाली. "सायेब, म्या न्हेलाय."

"काय?" मॅनेजर आणि मी एकदमच ओरडलो.

"एक पट्टीवाला. भंगाराच्या पोत्यातला. त्येला त्वांड छापायचं ऱ्हायलं हुतं, म्हनून टाकल्याला. नातीला दिला. ती त्येला मातीत पुरती, वर दगडं रचती आन मग उकरून काडती. दिसभर त्योच ख्योळ."

"मग काल भंडारा का नाही उचललास?"

"आवं सायेब, उचलू कसा? न्हेला हुता की."

आयुष्यात इतकी उघडी मी कधी पडले नव्हते. विलासराव मागून म्हणाला, "बघा साहेब, मी काय सांगत होतो? आज पट्टीवाला, उद्या पेटी."

"कबुली मिळाली," मॅनेजर उठायला लागला. "विषय संपला मॅडम."

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "नेमकं कमी काय काय आहे ते तरी वाचून दाखवा. एका बिनतोंडाच्या बाहुल्यावर किती चोरी घालणार आहात?"

त्यानं कपाळाला आठ्या घालत लॅपटॉप उघडला. "सोनेरी पेटी, साठ डब्यांची. पट्टीवाला, साठ डब्यांचे. साप, विंचू, टोपीवाला, तेही साठचेच. विटा बसवायची खालची पाटी. तपकिरी विटा..."

"तपकिरी विटा?" शोभाकाकी मधेच बोलली. लाइनवरची सगळ्यात तिखट बाई. "आवं सायेब, त्या न्हिऊन करायचं काय? चूल बांधायची का न्हाणी?"

सगळं कॅन्टीन हसलं. मला हसू आलं नाही.

"परत वाचा," मी म्हणाले. "सगळं साठ डब्यांचंच कमी आहे? प्रत्येक भाग?"

"हो. का?"

"साहेब, ओटीतून नेणारा माणूस हाताला येईल ते नेतो. सोन्याची पेटी नेईल, साप नेईल. मापात विटा मोजून, पाटीसकट साठ थडगी कोण नेईल? सुटं काही गेलंच नाहीये. डबे पुरे झालेत, सील झालेत आणि मग गेलेत."

मॅनेजरनं बोट लावून यादी परत एकदा वाचली. हे त्याला इतके दिवस दिसलं नव्हतं. मलाही आत्ताच दिसलं होतं.

"सील झालेला डबा टेबलावरच्या बाईच्या हातात परत येतो का?"

"नाही. थेट स्टोअरला."

"आणि स्टोअरची किल्ली?"

सगळ्या बायका विलासरावच्या कमरेच्या जुडग्याकडं बघत होत्या.

कालचं ताट कॅन्टीनच्या खिडकीत तसंच होतं. शोभाकाकीनं ते उचललं आणि त्याच्यासमोर धरलं. "विलासराव, काल तुमी ताट धरून हुता. तुमचा त्येवडा हात ऱ्हायला बगा. घ्या उचलून."

"काकी, नको," मी म्हणाले. "हे बेकायदा आहे." माझ्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

विलासरावनं एक पाऊल मागं घेतलं. "माझी आज अंघोळ झालेली नाही."

"आन आमची कवा झाली हुती? शिफ्टमधनं उठवून रांगंत हुबं केलंत. घामानं निथळत उचललाय आमी. घ्या."

त्यानं हात पुढं केला नाही. सगळ्यांच्या देखत, पितळी ताटासमोर, तो माणूस नुसता घाम पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या वॉचमनला कंठ फुटला. भंगाराच्या टेम्पोत पोत्यांखाली डबे जायचे. विलासराव स्वतः मागं उभा राहून टेम्पो भरून घ्यायचा. आता सांगतोय! रोज गेट उघडणारा हाच!

मला वाटलं, संपलं. विलासराव पोलिसात जाईल, बायडाक्का टेबलावर येईल. मी पेढे घेऊन गेले होते.

मॅनेजर म्हणाला, "विलासरावनं घरच्या अडचणीमुळं राजीनामा दिलाय. आम्ही स्वीकारला."

"आणि बायडाक्का?"

"तिला घेता येणार नाही. तिनं चोरी कबूल केलीय मॅडम."

"आणि त्यानं?"

"त्यानं कुठं कबूल केलीय?"

साठ डबे नेणारा राजीनामा देऊन सन्मानानं जातो. त्याला अनुभवाचा दाखलाही मिळतो, हे नंतर कळलं. आणि भंगारातला एक बिनतोंडाचा बाहुला नेऊन खरं बोलणारी चोर ठरते. हे त्यानं मला शांतपणे सांगितलं, चहा विचारून!

मी पत्रक लिहायला बसले. माझं पत्रक निघायच्या आत बायकांनीच निकाल लावला. जेवणाची सुट्टी संपली, घंटा झाली, एकही बाई उठली नाही. शेडच्या सावलीत जेवणाचे डबे पुढ्यात ठेवून बसून राहिल्या. मॅनेजर धावत आला.

"काय मागणी आहे तुमची?"

"मागनी कसली?" शोभाकाकी म्हणाली. "आमी खरं बोललो आन ऱ्हायलो, ती बी खरंच बोलली आन गेली. आता एवडी मोठी आण घिऊन बसलोय, तिला सोडून आत गेलो तर देव काय म्हनंल?"

दिवाळीचा माल अडकला होता. संध्याकाळच्या आत बायडाक्काला निरोप गेला. ती आली, टेबलाशी बसली आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "पोरी, तू चांगलं बोलतीस. पर आदी इचारत जा गं."

कंपनीनं भिंतीवर नवी सूचना लावली आहे : भंगारही कंपनीची मालमत्ता आहे. स्टोअरच्या किल्लीबद्दल सूचना नाही.

आमच्याकडं नवीन मुलं येतात, त्यांना मी दोन प्रश्न पाठ करायला लावते. भाषणाला उभं राहण्याआधी आपल्या माणसाला विचारायचं, घेतलंय का. आणि चोर कोण, हे शोधण्याआधी बघायचं, चोर शोधायला निघालाय कोण. दोन्ही प्रश्न विचारताना लाज वाटते. वाटू द्यायची.