मामांची आगाऊ तयारी

“सवकास रे! माजी वाचा गेलेली आसा, विसरू नकात!” खुर्चीत बसलेले मामा असे ओरडत होते, की पेडण्याच्या बाजारातल्या टोपल्यांत मेलेल्या बांगड्यांनीही दचकून कूस बदलली असेल. खुर्ची एका बाजूने मी धरली होती, दुसऱ्या बाजूने पाव घालायला आलेल्या पोदेराने. ओटीच्या पाच पायऱ्या उतरून आम्ही त्यांना अंगणात नसलेल्या ॲम्ब्युलन्सपर्यंत नेत होतो. अर्धांगवायूची ही तालीम दर रविवारी व्हायची. मामांना झालेलं काहीच नव्हतं.

माझ्या बायकोच्या या मामांइतकी म्हातारपणाची तयारी साऱ्या गोव्यात कुणी केली नसेल. डिचोलीच्या एका खाणीवर ते तीस वर्षं स्टोअरकीपर होते. सुटा भाग संपण्याआधी मागवून ठेवायचा, ही सवय हाडात मुरलेली. निवृत्त झाल्यावर हाताशी उरलं फक्त स्वतःचं शरीर. मग वॉकर आला, कमोडची खुर्ची आली, चार काठ्या आल्या. न्हाणीघरात सात ठिकाणी धरायच्या दांड्या बसवल्या. मामा बसत, उठत, पडल्याचं सोंग करत आणि गवंडी त्यांच्या कोपराच्या उंचीवर पेन्सिलने खुणा करी. मामा सहा फूट. मामी त्यांच्या खिशाला लागायची. शिवाय एक वही होती. पेज किती दाट हवी, कुशीवर आधी कुठल्या बाजूने वळवायचं, सगळं त्यात. मूलबाळ नसल्याने आल्या-गेल्याला ती वाचून दाखवत आणि शेवटी विचारत, “मी पडल्यार तू येतलो मरे?” पाहुणा “हो” म्हणे आणि पुन्हा म्हणून त्या वाड्यावर फिरकत नसे. मी मात्र दर रविवारी “येणार, येणार” म्हणायचो. माझी स्वतःची कंबर पट्ट्यावर, साखर गोळ्यांवर; म्हणायला काय जातं?

दोन वर्षांमागे चवथीच्या तोंडावर चुलीपुढे मामी पडली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मामांनी वही काढली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मामी एकाच रकान्यात होती: ‘बघणार कोण’. न्हाणीघरातली एकही दांडी तिच्या हाताला पोचेना.

मामांनी त्याच गवंड्याला बोलावून सातही दांड्या हातभर खाली घेतल्या. जुनी भोकं तशीच राहिली. पेज करायला शिकले. पहिले आठ दिवस तिचा करपलेला वास पार म्हापशापर्यंत गेला असेल. वेणी घालायला शिकले. ती मात्र अजून जमत नाही, गाठोडंच होतं. आणि मी? रविवारचा महिन्यावर आलो, महिन्याचा सणावर. पोदेर रोज पाव देताना मामीला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायला हात लावतो, हे मला त्याच्याकडूनच कळलं.

परवा गेलो तेव्हा मामा तिला चमच्याने पेज भरवत होते. जरा वाकलेले, गुडघा धरून उठणारे. मी तासभर बसलो. त्यांनी तो प्रश्न विचारावा, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. विचारला नाही. शेवटी मीच म्हटलं, “मामा, आणि तुमचं कोण बघणार?”

मामांनी मामीची हनुवटी पदराने पुसली, पुढचा चमचा भरला.

“आधी हिची पेज, तां मागीर बघूया,” ते म्हणाले.