तळ्याकाठची जांभळी फुलं

शॉमबर्गला आमच्या घरामागे तळं आहे. ऑगस्टमध्ये त्याच्या काठाला जांभळ्या फुलांचे उंच तुरे येतात. गौरी-गणपतीला मी तेच आणते. दुकानातल्या फुलांना तो रंग नाही.

तिथेच तो गोरा म्हातारा दिसायचा. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कमरेला काळ्या पिशव्या. आधी तुऱ्यावर पिशवी घालायचा, मगच देठ कापायचा. निघताना बुटांचे तळ सुरीने खरवडायचा, पुरावा पुसावा तसा. मला काही तो माणूस सरळ वाटेना. फुलं विकत असणार! मी खिडकीतून त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

परवा मी कात्री घेऊन गेले, तर तोच माझ्या हातातल्या तुऱ्याकडे रोखून बघायला लागला.

"नंतर ही फुलं कुठे टाकता?"

"का?"

त्याने तुरा वाकवून खालची बोंडं चुरडली. तळहातावर भुकटीसारखं बी पडलं.

"वर फुलत असतं तोवर खाली बी तयार. परदेशी तण आहे हे. पाण्यातून पसरतं आणि इथलं सगळं मारतं."

'परदेशी' म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं, असं मला उगाच वाटलं.

"दर वर्षी काढतो. पण पाण्यात उतरणाऱ्या त्या पायरीपाशी कोणीतरी मुद्दाम पेरतंय. तुम्ही जवळ राहता, जरा लक्ष ठेवाल?"

त्याच पायरीवरून मी दर वर्षी हात जोडून निर्माल्य पाण्यात सोडते.

"ठेवते की," मी म्हटलं, आणि घरी येऊन आधी ग्रुपवरचा त्याचा फोटो डिलीट केला.