तिसऱ्या सिलिंडरचा आवाज

माझा नवरा विश्वेश अंबत्तूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये लोकांच्या धडधाकट गाड्यांची इंजिनं खोलतो आणि त्यांना आणखी जोरात पळायला लावतो. मी साताऱ्याची. बँकेतल्या बदलीनं चेन्नईला आले आणि या तंजावर मराठी घरात पडले. लग्न ठरलं तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "म्हणजे गॅरेजच ना?" तेव्हा मला राग आला होता. आता कुणी विचारलं तर मीच म्हणते, गॅरेजच.

शेड दोघांची, विश्वेशची आणि राजगोपालची. कॉलेजपासूनची जोडी. राजगोपालही तंजावरकडचा मराठीच, म्हणून दोघं भांडतात मराठीत आणि गिऱ्हाइकाशी बोलतात तमिळमध्ये. मापं घ्यायची, जुळणी करायची ती विश्वेशनं. साफसफाई आणि बोल्ट आवळणं राजगोपालचं. इंजिनच्या पोटात जो जाड, वाकडातिकडा दांडा फिरतो, त्याला क्रँक म्हणतात. तो ज्या कड्यांत फिरतो ती बेअरिंगं, आणि तिथवर तेल पोचायला दांड्याच्या आतून बारीक भोकं असतात. राजगोपाल त्यातलं प्रत्येक भोक ब्रशनं घासणार, रॉकेलनं धुणार, हवा मारणार आणि मग क्रँक प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणार. त्या प्लास्टिकला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नाही. एकदा मी त्यावर डबा ठेवला, तर दिवसभर वहिनींशी, म्हणजे माझ्याशी, अबोला.

नुंगंबाक्कमचे दाताचे डॉक्टर विजयेंद्र यांची गाडी या दोघांनी आयुधपूजेच्या सुमारास बांधली. मोठा टर्बो, नवे पिस्टन, सगळं आतून बदललेलं. आणि काही आठवड्यांतच ती टेंपोवर चढून परत आली. श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर जोरात पळवताना तेलाचा दिवा लुकलुकला आणि बॉनेटखालून ठोके यायला लागले.

विश्वेशनं गाडी क्षणभर चालू केली आणि त्याचा चेहराच उतरला. तेलाचा फिल्टर कापून उघडला, तर कागदाच्या घड्यांमध्ये तांबूस चकाकी. धातूचा कीस होता तो. सिलिंडरांचा दाब तपासला, तो सगळीकडे ठीक. म्हणजे वरचं सगळं शाबूत, दुखणं खाली. मग इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरचं पेट्रोल तोडलं. पहिल्याला ठोका तसाच, दुसऱ्याला तसाच. तिसऱ्याचं तोडलं आणि ठोका एकदम मऊ झाला. इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं काढून तिसरं बेअरिंग उघडलं, तर ते काळंनिळं पडून पार घासून गेलेलं.

विजयेंद्र तिथेच उभे होते. त्यांच्यादेखत विश्वेश राजगोपालला म्हणाला, "या बेअरिंगचे बोल्ट तू आवळले होतेस ना?"

"तू शेजारी उभा होतास की."

"मी बघत नव्हतो. तुझ्यावर सोडलं होतं."

राजगोपालनं हात पुसले, शेडची किल्ली टेबलावर ठेवली आणि स्कूटर काढून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही नाही. विजयेंद्रांनी आपल्या गाडीवाल्या मंडळींना सांगून टाकलं, राजगोपालच्या हातचं काम बिघडलं म्हणून. असली इंजिनं बांधणारी माणसं या गावात मोजकीच, त्यामुळे बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्याला दुसरीकडे कुणी दारात उभं करेना. घरी मी विश्वेशला फैलावर घेतलं, तर म्हणे, "बेअरिंग खोटं बोलत नाही, अलकनंदा."

पुढच्या रविवारी मी आणि माझ्या सासूबाई, गोदाअम्मा, जेवण घेऊन शेडवर गेलो. अम्मांना आता फारसं दिसत नाही, पण लेकाला गरम सांबार आपणच वाढायचं हा हट्ट. त्यांना दाराशी खुर्चीत बसवलं. आत विश्वेशनं क्रँक बाहेर काढून ठेवला होता आणि एकेका भोकातून हवा मारत होता. तिसऱ्या बेअरिंगच्या भोकातून हवा जाईना. त्यानं तार घातली, फिरवली, ढोसली. एक तपकिरी गोळी टेबलावर पडली.

"हे काय आहे गं?" त्यानं विचारलं.

मी ती बोटांवर घेतली. दाणे एकमेकांना चिकटलेले होते, तेलात तळून कडक झालेले. नखानं सुटे केले. जिथे ते चिकटले होते तिथे अजून हळद होती.

"तांदूळ आहे हा," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? इंजिनात तांदूळ कुठून येणार?"

आणि बोलता बोलता तो थांबला. मलाही तो आयुधपूजेचा दिवस आठवला. आयुधपूजेला इथे सगळीकडे हत्यारांना आणि मशिनींना चंदन-कुंकू लावतात, चुरमुरे वाटतात. आमच्या घरात त्यावर अक्षताही पडतात आणि त्या अम्माच टाकतात. त्यांची स्टीलची इवलीशी डबी आहे, ओल्या हळदीत कालवलेल्या तांदळाची. ती सदा त्यांच्या पिशवीत, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी राजगोपाल केळीची पानं आणायला गेला होता. विश्वेशनं त्याचं प्लास्टिक उचललं आणि अम्मांचा हात धरून क्रँकवर नेला. "अम्मा, हे इंजिनचं काळीज. याच्यावर टाक." अम्मांनी चांगली मूठभर टाकली. वरवरचे दाणे झटकून विश्वेशनं प्लास्टिक होतं तसं गुंडाळलं. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मला ते फार गोड वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी दसरा. कामाला सुरुवात मुहूर्तावर व्हायला हवी. राजगोपालनं आपलं प्लास्टिक जागच्या जागी पाहिलं आणि क्रँक तसाच बसवला.

विश्वेश मटकन जमिनीवर बसला. "मी त्याला चारचौघांत बोललो," एवढंच म्हणत राहिला. मी म्हटलं, "बसून काय होणार आहे? फोन लाव." त्यानं नंबर लावला आणि फोन माझ्याच हातात दिला.

राजगोपाल आला. दाढी वाढलेली. विश्वेशनं तळहात पुढे केला. "पूजेच्या दिवशी तू पानं आणायला गेलास, तेव्हा प्लास्टिक मी काढलं होतं, राजा. माझं चुकलं."

राजगोपालनं दाणे पाहिले, हुंगले. मग दाराकडे, अम्मांच्या खुर्चीकडे पाहिलं आणि विश्वेशची मूठ आपल्या हातानं मिटली. "अम्मांना सांगू नकोस," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात अम्मांनी आवाज दिला, "राजा आला काय? काय सापडलं रे?"

"बोल्ट, अम्मा," राजगोपाल म्हणाला. "माझ्याकडून एक ढिला राहिला."

मी थक्क झाले. ज्या आळानं हा माणूस देशोधडीला लागला, तो त्यानं आपण होऊन परत अंगावर घेतला. मी विश्वेशकडे पाहत राहिले. तो या वेळी गप्प बसला असता, तर खरं सांगते, मी साताऱ्याची गाडी धरली असती.

पण विश्वेशनं आधी विजयेंद्रांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की चूक त्याची स्वतःची होती, राजगोपालची नव्हे, आणि हे त्यांनी आपल्या मंडळींनाही सांगावं. मग अम्मांच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. "अम्मा, बोल्ट पक्के होते. तेलाच्या वाटेत अक्षता अडकल्या होत्या. त्या तुला तिथे मीच टाकायला लावल्या."

अम्मा राजगोपालच्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या, "म्हणजे माझ्यापायी तू घरी बसला होतास?"

"नाही अम्मा, लीव्ह घेतली होती."

"कसाला खोटं बोलतोस?" अम्मांनी आपल्या तंजावरी मराठीत दटावलं.

त्यांनी पिशवीत हात घातला, चाचपडत ती डबी काढली आणि त्याच्या हातात ठेवली. "येत्या पूजेला तू टाक. कुठे टाकायचं आणि कुठे नाही, ते तुला ठाऊक."

राजगोपाल डबी धरून नुसता उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. मी जेवणाचे डबे उघडायला घेतले, कारण मलाही दुसरं काही सुचेना. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्या डबीला त्यांनी मला अजून हात लावू दिलेला नाही.